करवत बाबांच्या हातात, आखणी त्याची

नमस्कार मंडळी.

गेल्या मेळाव्यात जेवणाच्या रांगेत तिघी-चौघींनी मला विचारलं, "तुझ्या लेकाचं ते ईगल स्काउट कुठवर आलं गं?" तेव्हा हातात ताट होतं, दोन वाक्यांत उत्तर दिलं. आज समितीने दहा मिनिटं दिली आहेत, तर नीट सांगते.

ईगल म्हणजे अमेरिकेतल्या स्काउटिंगमधली सगळ्यात वरची पायरी. माझा मुलगा सध्या लाइफ स्काउट आहे. स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि ईगल अशा सात पायऱ्या, त्यातली सहावी. ईगलसाठी 21 मेरिट बॅज, म्हणजे एकेका विषयात काम करून मिळवायचे बिल्ले, लागतात, त्याचे 19 झालेत. लाइफ झाल्यावर ट्रूपमध्ये, म्हणजे आपल्या स्काउट गटात, सहा महिने एखादं जबाबदारीचं पद सांभाळावं लागतं, तेही झालं. राहिलेत दोन बॅज आणि समाजासाठी करायचा प्रकल्प. हे सगळं 18 वर्षं पूर्ण व्हायच्या आत व्हायला हवं आणि त्याचा वाढदिवस मार्चमध्ये आहे.

बॅज म्हटलं की तंबू, शेकोटी, गाठी एवढंच डोळ्यांसमोर येतं. माझंही तसंच होतं. पण एका बॅजसाठी त्याने 13 आठवडे स्वतःच्या जमाखर्चाचा हिशेब ठेवला. दुसऱ्यासाठी 90 दिवस घरातली ठरवून घेतलेली कामं केली आणि रोज नोंद केली. फ्रिजवर तो कागद लावला होता. परीक्षेच्या आठवड्यातसुद्धा रात्री अकराला उठून भांडी लावून आला आणि खूण केली. कागद मी अजून काढलेला नाही.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्यापैकी बरेच जण करतील. बॅजसाठी मुलाने स्वतः काउन्सेलरशी, म्हणजे त्या बॅजचं काम तपासणाऱ्या मोठ्या माणसाशी, संपर्क साधायचा असतो. मुलांच्या सुरक्षेसाठी ईमेलमध्ये आणखी एक मोठं माणूस असावंच लागतं, त्यामुळे मला सगळं दिसायचं. त्याचं लिहिणं मला फार तुटक वाटलं, म्हणून सुरुवातीचे दोन ईमेल मीच लिहून दिले. काउन्सेलरांनी पुढच्या भेटीत त्यातल्याच एका वाक्याबद्दल विचारलं आणि तो गप्प. मी शेजारी बसले होते. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि तेच मला जास्त लागलं. त्या दिवसापासून त्याचा एकही ईमेल मी लिहिलेला नाही. स्पेलिंग चुकलेलं दिसतं, हात शिवशिवतात, तरीही नाही.

प्रकल्पाबद्दल थोडं सविस्तर बोलते. तो किती तासांचा असावा असा नियम नाही. मुलाने आखणी केली का आणि इतरांना बरोबर घेऊन काम तडीस नेलं का, हे पाहतात. जिच्यासाठी काम करायचं ती संस्था, स्काउटमास्तर, ट्रूपची समिती आणि डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्काउटिंगची विभागीय शाखा, या सगळ्यांची मंजुरी आल्याशिवाय एक खिळाही ठोकायचा नाही.

त्याने निवडलंय आपल्या गावातलं सीनियर सेंटर, म्हणजे ज्येष्ठांनी जमायचं केंद्र. आपल्यापैकी काहींचे आईबाबा भारतातून आले की तिथे जातात. माझे बाबा गेल्या उन्हाळ्यात जायचे. तिथल्या बागेतले वाफे जमिनीवर आहेत. वाकता येत नाही ते लोक बाकावर बसून नुसतं बघतात. म्हणून उंच वाफे करायचे, सहा, देवदाराच्या फळ्यांचे.

पहिला आराखडा त्याने काढला तो जमिनीपासून वरपर्यंत बंद पेटीचा. छान दिसत होता. मग सेंटरमधून एक व्हीलचेअर तासाभरासाठी मागून घेतली, स्वतः तिच्यात बसला आणि पेटीच्या मापाच्या खोक्यापुढे गेला. गुडघे खोक्यावर आपटले. आडवं वळल्याशिवाय हात मातीपर्यंत पोचेना. तिथेच बसून त्याने आराखडा खोडला. आता वाफा टेबलासारखा आहे, खाली गुडघ्यांसाठी 27 इंच मोकळी जागा. डिस्ट्रिक्टने तरीही प्रश्न पाठवले: माती कुठून आणणार, उरलेल्या लाकडाचं काय करणार, कुणाला लागलं तर काय? त्याची उत्तरं लिहायला त्याला तीन आठवडे लागले. मंजुरी आली त्या संध्याकाळी मी शिरा केला.

स्काउटिंगच्या नियमाप्रमाणे विजेची करवत 18 वर्षांखालच्या मुलाने चालवायची नाही. त्यामुळे करवत त्याच्या बाबांच्या हातात असेल, पण कुठे कापायचं ती रेघ तो मारून देणार. माझ्या नवऱ्याला "मी पटकन करून टाकतो" म्हणायची सवय आहे. आम्ही दोघं ती सवय सोडतोय.

माझे बाबा साताऱ्याजवळच्या शाळेत स्काउट होते. तिथे "खरी कमाई" असायची: मुलांनी काहीतरी काम करून पैसे मिळवायचे आणि हिशेब द्यायचा. बाबांनी लोकांच्या सायकली पुसल्या होत्या. नातवाची 13 आठवड्यांची वही त्यांनी व्हिडिओ कॉलवर पानापानाने वाचून घेतली. असं बोलणं त्या दोघांत याआधी कधी झालं नव्हतं.

मुलींच्या आयांना एक खास सांगायचंय. 2019 पासून मुलीही याच वाटेने ईगल होऊ शकतात, आणि 2025 मध्ये संस्थेचं नाव बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका बदलून स्काउटिंग अमेरिका झालं. ट्रूप चर्चच्या हॉलमध्ये भरतात म्हणून काही पालक बिचकतात. आमच्या ट्रूपमध्ये कुणी आमचा धर्म विचारून दार लावलं नाही. जेवणाचंही तसंच, आमच्या गटात मुलांनी शाकाहारी बेत स्वतः ठरवलाय.

एक मात्र मनापासून सांगते. कॉलेजच्या अर्जात लिहायला एक ओळ हवी म्हणून मुलाला यात घालू नका. अकराव्या वर्षी घाला, आवडलं तर राहू द्या. माझ्या मुलाचं ईगल मार्चपर्यंत होईल की नाही, हे मला आज माहीत नाही. दोन बॅज बाकी आहेत आणि शाळेचं शेवटचं वर्ष आहे. पण तो फोनवर परक्या माणसाशी बोलतो तेव्हा मी स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ऐकते.

येत्या शनिवारी सकाळी आठला सेंटरच्या मागच्या अंगणात काम सुरू होईल. फळ्या उचलायला, माती भरायला माणसं हवीत. हातमोजे घेऊन या. फक्त नाव माझ्याकडे देऊ नका. तो मागे चहाच्या टेबलापाशी वही घेऊन उभा आहे, त्यालाच सांगा.