शंख हातात घेऊन पाहा

नमस्कार श्रोतेहो. शेतकरी बंधू-भगिनींनो, माझ्या हातात आत्ता एक रिकामा शंख आहे. बांधावर सापडला. तुम्हाला तो दिसणार नाही, म्हणून सांगतो. बोटाएवढा लांब, टोकाकडे निमुळता, तपकिरी, अंगावर उभ्या गडद पट्ट्या. ही आफ्रिकन शंखी गोगलगाय.

मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली बेन्सन नावाच्या अभ्यासकानं मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या, आणि तिथून त्या पसरत गेल्या. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनची कोवळी रोपं यांनी रातोरात फस्त केली. दुबार पेरणीचा तो खर्च मराठवाड्याला मी काय सांगू!

पण म्हणून दिसेल त्या गोगलगायीवर मीठ टाकू नका, ही कळकळीची विनंती. कुजका पाला खाऊन जगणाऱ्या आपल्या देशी गोगलगायी त्यात हकनाक मरतात.

मग ओळखायचं कसं? शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. तोंड डावीकडे आलं, तर ती आपली देशी समजा, सोडून द्या. उजवीकडे आलं, तरी घाई नको; आपल्याही पुष्कळ जाती उजव्या आहेत. तोंडावर गोल, टणक झाकण असेल तर तीही शंखी नव्हे. शंखीला झाकण नसतं. उन्हाळ्यात मातीत दडून बसते तेव्हा ती तोंडावर पांढरा, चुन्यासारखा पापुद्रा धरते, एवढंच. आता तोंडातून आत डोकावा. मधला दांडा तळाशी सुरीनं कापल्यासारखा अचानक संपतो. लांबट शंख, उभे पट्टे आणि हा तुटका दांडा, तिन्ही जुळलं की शंका नको.

खात्री झाली, की संध्याकाळी गूळपाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधालगत टाका. पहाटे त्याखाली जमलेल्या शंखी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा. मीठ वावरात फेकू नका, जमीन बिघडते. उघड्या हातानं तर मुळीच धरू नका. मेंदूला सूज आणणाऱ्या कृमीच्या अळ्या हिच्या अंगात असू शकतात. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात चढवा.

आणि बांधाची ओली माती जरा उकरून बघा. साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी अंडी एका जागी शंभरावर सापडतील. तीही त्याच बादलीत टाका.