ऑरेंज ०२१ पडद्यावर येताना

(दृश्य: जाड काच, नारिंगी शाई, दोन सुऱ्या)

पुण्यातल्या एका ऑफसेट छापखान्यातलं हे शाईचं टेबल. काचेवर घोटली जातेय ती पँटोन या कंपनीच्या क्रमांकित रंगांतली ऑरेंज ०२१. सुरी उचलली की शाईची तार लांबते, तुटते आणि मागे सरकते. डब्यातली घट्ट शाई अशी घोटून मोकळी केली की रोलरवर एकसारखी पसरते.

०२१ ही मूळ शाई, तिला मिसळावं लागत नाही. बाजूच्या काट्यावर दुसऱ्या स्पेशल कलरचं, म्हणजे नेमक्या छटेसाठी मिसळायच्या शाईचं, काम चाललंय. आधी पिवळी, मग रुबिन रेड, शेवटी सुरीच्या टोकावर मावेल एवढीच काळी. प्रत्येकीचं वजन ठरलेलं. अमेरिकेत लॉरेन्स हर्बर्ट यांनी १९६३ मध्ये ही पद्धत आणली, आणि शेडकार्डावरचं प्रमाण वाचून दूरदेशीच्या छापखान्यातही तीच छटा बनू लागली.

(दृश्य: मॉनिटर, शेजारी शेडकार्ड)

आता हाच नारिंगी वेबसाइटवर हवा आहे. पडद्यावर शाई नाही. तिथे लाल, हिरवा आणि निळा उजेड, प्रत्येकाचा आकडा ० ते २५५. घाईच्या कामात स्पॉट स्वॉच, म्हणजे फाइलमधला अशा खास शाईचा रंग, आधी सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईत) नेला जातो आणि तिथून आरजीबीत (पडद्याच्या या तीन उजेडांत). ही वाट सोडा. चार रंगांच्या छपाईत हा नारिंगी बसतच नाही. तिथे शिरला की मळतो, आणि मग आरजीबीत आणला तरी गेलेलं तेज परत मिळत नाही.

(दृश्य: छापील पट्टीवर टेकवलेला स्पेक्ट्रोफोटोमीटर)

बरोबर वाट लॅबमधून जाते. लॅब म्हणजे इथे प्रयोगशाळा नव्हे, एल, ए, बी या तीन आकड्यांत रंग मोजायची पद्धत. पट्टीवरून परतणारा प्रकाश हे यंत्र साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत टप्प्याटप्प्याने मोजतं. त्यातून तीन आकडे निघतात: एल म्हणजे उजळपणा, ए हिरव्याकडून लालकडे, बी निळ्याकडून पिवळ्याकडे. १९७६ ची ही मोजणी माणसाच्या नजरेला धरून बांधलेली आहे, म्हणून तिच्यात शाईही बसते आणि पडदाही. आपल्या तिरंग्याचा केशरीसुद्धा भारतीय मानकात असाच, नजरेच्या मोजणीतल्या आकड्यांनी ठरवून दिलेला आहे.

अॅडोबीच्या इलस्ट्रेटर या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वॉचेस पॅनलच्या मेनूतून ‘स्पॉट कलर्स’ उघडा आणि लॅब निवडा. पुढचं गणित सॉफ्टवेअर करतं. छपाईत पांढरा डी५० नावाच्या ठरलेल्या उजेडात धरतात. एसआरजीबीचा, म्हणजे पडद्यांसाठी ठरलेल्या आरजीबीचा, पांढरा डी६५, जरा निळसर. आधी पांढऱ्याशी पांढरा जुळवायचा, मगच आरजीबीचे तीन आकडे काढायचे. ०२१ च्या बाबतीत इथे निळ्याचा आकडा शून्याच्याही खाली उतरतो. शून्यापेक्षा कमी उजेड पडदा देणार कुठून? म्हणून तो शून्यावर अडवावा लागतो. पँटोनने जाहीर केलेले आकडे आहेत २५४, ८०, ०. त्या आकड्यांचा चौकोन पडद्यावर, आणि त्याला खेटून खरी पट्टी. बघा.

फोटोशॉपच्या कलर पिकरमधला छोटा त्रिकोण मात्र इथे कामाचा नाही. तो चार रंगांच्या छपाईत न बसणाऱ्या रंगाचा इशारा देतो. पडद्यावर काय अडवलं गेलं, ते सांगत नाही.

(दृश्य: एकाच शाईचे दोन ठसे, आर्ट पेपर आणि मॅपलिथो)

डबा तोच, यंत्र तेच. लेप दिलेल्या आर्ट पेपरवर शाई वर राहते आणि चमकते. बिनलेपाचा मॅपलिथो कागद ती पिऊन टाकतो. म्हणून रंगाच्या नावापुढचं ‘सी’ (लेप दिलेला कागद) किंवा ‘यू’ (बिनलेपाचा) गाळू नका. या दोन ठशांचे लॅबचे आकडे वेगळे, तेव्हा पडद्यावरचेही वेगळे. पँटोन ८७७ ही चंदेरी शाई मात्र कुठल्याच आकड्यात सापडणार नाही. पडद्यावर ती साधी करडी दिसते.

(दृश्य: काळे चौकोन असलेली जुनी फाइल)

नोव्हेंबर २०२२ पासून अॅडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पँटोनची बहुतेक पुस्तकं, म्हणजे तयार रंगांच्या याद्या, काढली गेली, ती वापरायला वेगळी वर्गणी आली, आणि काही जुन्या फायलींतले रंग काळे पडले. म्हणून जॉबकार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदपत्रावर, रंगाचं नाव, कागद आणि लॅबचे तीन आकडे लिहाच. त्यावरून तोच स्वॉच फोटोशॉपमध्ये पुन्हा बनवता येतो, आणि पानं मांडायच्या, मोफत मिळणाऱ्या स्क्रायबस या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांतही.