२१ दिवसांचं गणित

(दृश्य: सलाईनच्या नळीला जोडलेली सिरिंज. आत गडद लाल औषध. नर्सचा अंगठा दट्ट्यावर, अगदी सावकाश पुढे सरकणारा.)

हा लाल रंग औषधाचा स्वतःचा आहे. नाव डॉक्सोरुबिसिन, किमोथेरपीतलं म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या उपचारातलं एक औषध. मातीतल्या एका जिवाणूपासून सापडलेलं हे औषध स्तनाच्या कर्करोगापासून लिम्फोमापर्यंत (लसिका ग्रंथींचा कर्करोग) अनेक आजारांत देतात. पुढचा एक-दोन दिवस लघवीलाही तांबूस रंग येतो. ते रक्त नसतं, औषधच बाहेर पडत असतं. हे आधी कुणी सांगितलं नसेल, तर त्या रात्री पेशंटच्या पोटात गोळा येतो.

सिरिंजमध्ये किती औषध भरायचं, ते शरीराच्या पृष्ठभागावरून ठरतं. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत. दोन्हींचा गुणाकार करायचा, त्याला ३६०० ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. १६० सेंटिमीटर आणि ६० किलो, म्हणजे सुमारे १.६३ चौरस मीटर. चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम धरले तर डोस होतो ९८ मिलिग्रॅमच्या आसपास. दर खेपेला पेशंटला वजनकाट्यावर उभं करतात ते यासाठी.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली दुभंगणारी पेशी.)

दुभंगण्याआधी पेशीला आपल्या डीएनएची नक्कल करावी लागते. पिळलेला दोर सोडवताना त्याला गाठी पडतात. त्या सोडवण्यासाठी एक विकर (एन्झाइम) दोर कापतं आणि लगेच पुन्हा जोडतं. डॉक्सोरुबिसिन नेमकं इथे अडवतं. कापलेली टोकं ते पुन्हा सांधू देत नाही. त्याच्या जोडीने दिलं जाणारं सायक्लोफॉस्फामाइड दोराच्या दोन पदरांमध्ये टाके घालतं, मग पदर सुटेच होत नाहीत. सदाफुलीच्या झाडातून मिळालेलं व्हिन्क्रिस्टिन वेगळ्या जागी काम करतं. गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणाऱ्या सूक्ष्म नळ्या ते उभ्याच राहू देत नाही. पॅक्लिटॅक्सेल उलटं वागतं, उभ्या राहिलेल्या नळ्या ते मोडू देत नाही. पेशी दोन्हीकडून अडकते आणि मरते.

यातल्या कुठल्याही औषधाला कॅन्सर ओळखता येत नाही. त्याला कळतं ते फक्त पेशीचं दुभंगणं. आणि अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी बनवणारा गर), तोंडाचं नि आतड्याचं अस्तर, केसांची मुळं इथल्या पेशी तर रात्रंदिवस दुभंगत असतात. दुष्परिणामांची यादी इथूनच तयार होते.

मग सगळं औषध एकदम का देत नाहीत? एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात. एका डोसने ९९ टक्के मेल्या असं धरलं, तरी एक कोटी उरतात. प्रत्येक डोस उरलेल्यांतला काही हिस्साच मारतो. मधल्या दिवसांत निरोगी अस्थिमज्जा गाठीपेक्षा लवकर सावरते. त्या फरकावर सायकल, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतचा फेरा, बेतलेली असते, बहुतेक वेळा २१ दिवसांची.

(दृश्य: हातातली सुई, भोवतीची त्वचा जवळून.)

पहिल्या दिवसाचा धोका शिरेत असतो. हे लाल औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि खालचं मांस जळतं. सुईपाशी आग झाली, टोचल्यासारखं वाटलं, सूज दिसली, की पेशंटने त्या क्षणी सांगायचं. ‘थोडं दुखणारच’ म्हणून गप्प बसायचं नाही. औषध ताबडतोब थांबवतात, पण सुई काढत नाहीत. तिच्यातूनच झिरपलेलं औषध सिरिंजने मागे ओढतात. सलाईनने धुवून काढायचं नसतं, तसं केलं तर ते आणखी पसरतं. मग थंड शेक. व्हिन्क्रिस्टिन झिरपलं असेल तर मात्र गरम शेक. इथे घाईत गल्लत झाली तर ती महागात पडते.

उलटीचं औषध उलटी व्हायच्या आधी घ्यायचं असतं. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड एकत्र असतील, तर ऑन्डान्सेट्रॉनच्या गटातलं औषध, डेक्सामेथासोन, अ‍ॅप्रेपिटंट आणि ओलान्झापिन अशी चौकडी देतात. प्रत्येक जण मेंदूकडे जाणारा वेगळा निरोप अडवतो. पहिला दिवस बरा गेला म्हणून पुढच्या गोळ्या सोडल्या, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उशिराची मळमळ गाठते.

(दृश्य: दिनदर्शिका. सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंतची घरं गडद होतात.)

खरी काळजी या आठवड्याची. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिलचं रक्तातलं आयुष्य जेमतेम एका दिवसाचं. अस्थिमज्जेतून नवा पुरवठा थांबला, की काउंट कोसळतो. प्लेटलेट आठ-दहा दिवस टिकतात. तांबड्या पेशी १२० दिवस जगतात, म्हणून अशक्तपणा हळूहळू, सायकलमागून सायकल वाढत जातो.

रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले, की संसर्गाची नेहमीची खूणच दिसत नाही. पू म्हणजे मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्याच नाहीत, तर पू कुठून होणार? छातीत संसर्ग असूनही एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. उरतो फक्त ताप. म्हणून घरात थर्मामीटर हवाच. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसलं, की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. डॉक्टरांशी बोलण्याआधी पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरवायचा नाही, कारण त्याने एकमेव खूण पुसली जाते.

याच दिवसांत तोंड येतं. मऊ ब्रश, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको. फ्लुरोयुरासिल एकदम टोचून देणार असतील, तर त्याआधी पाच मिनिटं सुरुवात करून एकूण अर्धा तास बर्फ चघळला की तोंडातल्या शिरा आकसतात आणि औषध तिथे कमी पोहोचतं. उपाय साधा आहे, पण चाचण्यांतून सिद्ध झालेला. केस गळायला लागतात दोन-तीन आठवड्यांनी. मुळं शाबूत असतात, म्हणून उपचार संपल्यावर बहुतेकांचे परत येतात.

बाकी औषधांच्या खोड्या ज्याच्या त्याच्या. व्हिन्क्रिस्टिनने बोटांना मुंग्या आणि हट्टी बद्धकोष्ठता. ऑक्सालिप्लॅटिननंतर काही दिवस थंड पाण्याचा घोटही घशात टोचतो. सिस्प्लॅटिन मूत्रपिंड आणि कान दोन्हींवर घाव घालतं, म्हणून मूत्रपिंडासाठी आधी आणि नंतर भरपूर सलाईन.

(दृश्य: गोळ्यांची पट्टी, शेजारी प्रतिपिंडाची छोटी बाटली.)

लक्ष्यवेधी औषधांची तऱ्हा वेगळी. २००१ मध्ये मान्यता मिळालेली इमॅटिनिबची गोळी रक्ताच्या एका कर्करोगात एकच बिघडलेलं प्रथिन बंद पाडते. ती रोज घ्यावी लागते. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडली तर आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो.

इम्युनोथेरपीत औषध पेशी मारतच नाही. ते प्रतिकारशक्तीला लागलेला ब्रेक काढतं. या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. सुटलेली प्रतिकारशक्ती कधी आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉइडवरही चालून जाते. तेही काही आठवड्यांनी, कधी उपचार थांबल्यावर कित्येक महिन्यांनी. इथले जुलाब किमोच्या जुलाबांसारखे समजून नुसत्या गोळीने दाबले तर आतडं फाटण्यापर्यंत पाळी येऊ शकते. यावर इलाज स्टेरॉइडचा, तोही वेळेत. नव्या डॉक्टरकडे गेल्यावर ‘इम्युनोथेरपी झाली आहे’ हे पहिलं वाक्य असायला हवं.

(दृश्य: पुन्हा तीच लाल सिरिंज. शेजारी उघडी फाइल.)

एकविसावा दिवस. रक्त तपासलं जातं. साधारणपणे न्यूट्रोफिल १५०० आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर असतील तर पुढची सायकल, नाहीतर आठवडाभर थांबायचं. डॉक्सोरुबिसिनचा मात्र आणखी एक हिशोब आहे. ते हृदयाच्या स्नायूला इजा करतं आणि ती इजा साठत जाते. आयुष्यभराची मर्यादा चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम, हृदय आधीच कमजोर असेल तर त्याहून कमी. ६० च्या चार सायकल झाल्या की २४० खर्ची पडले. दहा वर्षांनी दुसऱ्या आजारासाठी हेच औषध लागलं, तर मोजणी २४० पासूनच पुढे सुरू होते. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर ‘किमो दिली’ एवढंच लिहिलेलं पुरत नाही. औषधाचं नाव, तारीख आणि प्रत्येक सायकलचे मिलिग्रॅम लिहून मागायचे, आणि तो कागद जपून ठेवायचा.