इंजेक्शन, वार आणि बीसीजी

(दृश्य: फ्रीजमधून बाहेर काढलेलं औषधाचं पेन. शेजारी गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी, दोन रेघा.)

सोरायसिसच्या खपल्या वर्षानुवर्षं मलमांना दाद देत नाहीत, गोळ्यांनी तेवढ्यापुरत्या दबतात. मग बायोलॉजिक इंजेक्शन सुरू होतं आणि त्वचा पहिल्यांदाच निवळते. नेमके तेव्हाच दिवस राहतात.

पहिला विचार एकच येतो: आजच्या आज बंद. घरचेही तेच म्हणतात. त्यामागे काळजी असते, पण ती बहुधा चुकीच्या महिन्यात केलेली असते.

(दृश्य: रेखाचित्र. आईचं रक्त, वार म्हणजे प्लॅसेंटा, बाळाचं रक्त.)

अ‍ॅडालिमुमॅब, उस्तेकिनुमॅब, सेक्युकिनुमॅब ही सगळी बायोलॉजिक औषधं म्हणजे प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आहेत. एवढं मोठं प्रथिन आपल्या आपण वार ओलांडत नाही, त्याला वाहक लागतो. आईची रोगप्रतिकारक प्रतिपिंडं बाळाला मिळावीत म्हणून निसर्गाने तो वारेत ठेवलेलाच आहे आणि औषधाला तो वेगळं ओळखत नाही. पण पहिल्या तिमाहीत, म्हणजे बाळाचे अवयव घडत असतात तेव्हा, ही वाहतूक अगदी नगण्य असते. दुसऱ्या तिमाहीपासून ती वाढत जाते. शेवटच्या आठवड्यांत इतकी, की जन्मताना बाळाच्या रक्तात औषध आईपेक्षा जास्त सापडू शकतं.

म्हणून डॉक्टरांशी मुख्य बोलणं व्हायला हवं ते शेवटच्या महिन्यांबद्दल. आजार आटोक्यात असेल तर काहींना तिसऱ्या तिमाहीत इंजेक्शन थांबवायला सांगतात. काहींना थांबवणं परवडत नाही.

सर्टोलिझुमॅब हे बायोलॉजिक मात्र वेगळं आहे. वाहक प्रतिपिंडाचा जो भाग पकडतो, तोच या औषधात नाही. एका अभ्यासात १४ बाळांची जन्मावेळी तपासणी झाली; १३ जणांच्या रक्तात ते मोजण्याइतकंही नव्हतं, उरलेल्या एकात अत्यल्प.

(दृश्य: लसीकरणाचं कार्ड.)

आता ज्याची खरी भीती बाळगायची ते. २०१० साली एका बाळाची नोंद प्रसिद्ध झाली. आईला क्रोन्स हा आतड्यांचा आजार होता आणि गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅब हे असंच एक बायोलॉजिक चालू होतं. बाळ सुदृढ जन्मलं. तिसऱ्या महिन्यात त्याला बीसीजी ही क्षयरोगाची लस दिली गेली. लसीतले जिवंत जंतू अंगभर पसरले आणि साडेचार महिन्यांचं असताना ते दगावलं. आईकडून आलेलं औषध बाळाच्या शरीरात कित्येक महिने टिकू शकतं. तोवर बीसीजी, रोटाव्हायरस यांसारख्या जिवंत लसी पुढे ढकलाव्या लागतात: साधारण सहा महिने, इन्फ्लिक्सिमॅबसारख्या काही औषधांच्या बाबतीत युरोपात बारा. बाकीच्या लसी वेळेवरच द्यायच्या.

हे सगळं बालरोगतज्ज्ञांना कळायला हवं, आणि बीसीजी जन्मताच टोचतात तिथे प्रसूतीच्या आधीच. इंजेक्शन लिहून देणारे त्वचारोगतज्ज्ञ आणि बाळाला लस देणारी नर्स यांची गाठ पडत नाही. मधला निरोप कागदावरच लागतो.

हे झालं बायोलॉजिकचं. सोरायसिसच्या इतर औषधांपैकी मेथोट्रेक्सेटने बाळात व्यंग येऊ शकतं, त्यामुळे ते दिवस राहण्याआधीच थांबवावं लागतं. अ‍ॅसिट्रेटिन बंद केल्यावर तर तीन वर्षं गर्भधारणा टाळायची असते. यांपैकी काही चालू असताना दिवस राहिले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.

टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या जुन्या बायोलॉजिक औषधांचा गरोदरपणातला अनुभव मोठा आहे. त्यातला बराचसा संधिवाताच्या आणि आतड्यांच्या रुग्णांकडून आलेला. नव्या औषधांचा कमी. औषधांच्या चाचण्यांमध्ये गरोदर स्त्रियांना सहसा घेतच नाहीत. माहिती जमते ती अचानक दिवस राहिलेल्यांकडून. ही सावधगिरी समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत याच बायका मोजतात.

(दृश्य: कोपरावरचे चट्टे, जवळून.)

औषधाशिवाय काय होईल, हे आधी सांगता येत नाही. २००५ सालच्या एका अभ्यासात गरोदरपणात ५५ टक्के स्त्रियांचा सोरायसिस आपोआप सुधारला, २३ टक्क्यांचा चिघळला. पूयुक्त सोरायसिस उसळला तर ताप चढतो, अंगभर पुटकुळ्या येतात आणि आई-बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. तिथे ‘सोसून घे’ हा सल्ला घातक आहे.

त्याच अभ्यासात प्रसूतीनंतर ६५ टक्क्यांचा आजार पुन्हा बळावला. त्यामुळे इंजेक्शन पुन्हा कधी सुरू करायचं, हे कळा सुरू होण्याआधीच ठरलेलं बरं. अंगावर पाजणं बहुतेकींना थांबवावं लागत नाही: दुधात औषध फार थोडं उतरतं, आणि उतरतं त्यातलं बरंचसं बाळाच्या पोटात पचून जातं.