आधी पुस्तक की आधी सिनेमा?

मंडळी, प्रश्न साधाच आहे, पुस्तक आधी वाचायचं का सिनेमा आधी बघायचा, आणि माझं उत्तर मी सुरुवातीलाच सांगून टाकते म्हणजे शेवटपर्यंत कुणाला वाट बघत बसायला नको. ज्याला मराठी सरळ वाचता येतं त्यानं पुस्तकच आधी वाचावं. आणि आपल्या ग्वाल्हेरातली जी पोरं घरी मराठी बोलतात पण शाळा हिंदी नाहीतर इंग्लिश मीडियमची, त्यांना सिनेमा आधी दाखवावा, अगदी बिनधास्त. आता ही दोन्ही उत्तरं एकदम कशी खरी, असं पुढच्या रांगेतल्या काकांच्या चेहऱ्यावर दिसतंय, तर तेच सांगायला उभी आहे.

गाइड घ्या. सिनेमा इथं बहुतेकांनी पाहिलेलाय, १९६५ चा, देव आनंद, वहीदा रहमान, सचिनदेव बर्मनची गाणी. आर. के. नारायण यांची मूळ कादंबरी १९५८ ची, इंग्लिशमधली. तिचा नायक राजू, लोकांना गावं दाखवणारा गाइड, तुरुंगातून सुटल्यावर लोक त्याला साधू समजायला लागतात आणि पावसासाठी त्याला उपास करावा लागतो. शेवट असा आहे की दुष्काळ पडलाय, राजू उपासानं पार खंगलाय, त्याला धरून नदीच्या पात्रात उभं केलंय, आणि तो म्हणतो की डोंगरात पाऊस पडतोय, तो पायाखालून वर चढताना मला जाणवतोय, आणि कोसळतो. संपलं पुस्तक. पाऊस खरंच आला का, राजू गेला का, नारायण काही म्हणजे काही सांगत नाहीत. सिनेमात मात्र धो धो पाऊस पडतो, सगळं गाव भिजतं.

आता ज्यानं सिनेमा आधी पाहिला त्यानं नंतर कादंबरी कितीही मन लावून वाचली तरी शेवटच्या पानावर त्याला पाऊस ऐकू येतोच, तो बंद करता येत नाही. आणि त्या कादंबरीचा सगळा जीव तर त्या शंकेतच आहे, की हा लबाड माणूस शेवटी खरंच साधू झाला का, का लोकांनी त्याला साधू करून टाकलं आणि तो त्यात अडकला. पुस्तक आधी वाचलेल्याचं तसं होत नाही. तो सिनेमातला पाऊस बघतो आणि म्हणतो, अच्छा, यांनी हे असं ठरवलं. त्याची शंका त्याच्याजवळ राहते. नारायण स्वतः या सिनेमावर नाराज होते, मिसगायडेड गाइड नावाचा लेखच लिहिला त्यांनी, आपलं मालगुडी, म्हणजे त्यांच्या कादंबऱ्यांतलं कल्पनेतलं गाव, सोडून हे लोक उदयपूरला गेले हे त्यांना फार लागलं होतं. मला विचाराल तर सिनेमा म्हणून मला तो अतिशय आवडतो, पण म्हणूनच सांगते, इतका चांगला सिनेमा असला की तो पुस्तकावर जास्त जोरानं बसतो. वाईट सिनेमाची भीती नसते, तो विसरला जातो.

दुसरं उदाहरण आपल्या मराठीतलं, बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांनी सिनेमा केला १९९५ मध्ये, म्हणजे मधे चाळीस वर्षं लोक ते पुस्तक नुसतं वाचत होते. छोटं पुस्तक आहे, एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, आणि शेवटी दुष्काळात वाडी उठून जाते. आपण माणदेश कुठं पाहिलाय हो? मी वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर मुरैन्याच्या बाजूची जमीन आली, चंबळचे ते कापलेले बीहड, म्हणजे मातीच्या घळी, बाभळी, उन्हातली पायवाट, आणि मेंढरं त्याच्यातून चाललीयत. चुकीचं काय त्यात? माडगूळकरांनी माती दिली ती माझ्याकडं येऊन इथली माती झाली, आणि म्हणूनच तो मास्तर मला आपल्यातला वाटला. नंतर सिनेमा बघितला तेव्हा खरा मुलूख कसा उघडा-बोडका आहे ते कळलं, तेही हवंच होतं. पण क्रम उलटा असता तर माझी ती चंबळवाली वाडी जन्मालाच आली नसती. महाराष्ट्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या आपल्यासारख्या माणसांनी तर ही संधी अजिबात सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि काही पुस्तकं तर अशी असतात की त्यात काय घडतं याच्यापेक्षा कोण सांगतोय यालाच सगळी किंमत असते. मिलिंद बोकिलांची शाळा ही कादंबरी तशी आहे. नववीतला मुकुंद जोशी, आणीबाणीचा काळ, सुऱ्या, चित्र्या, फावड्या ही मित्रमंडळी, आणि त्याला आवडणारी मुलगी शिरोडकर. घटना म्हणाल तर काय, एक मुलगा एका मुलीकडं बघतो, एवढंच. पण तो पानंच्या पानं मनात जे बोलत असतो, एक वाक्य खोडकर आणि लगेच पुढचं वाक्य असं की तुमच्या पोटात काहीतरी हलावं, ते पडद्यावर कसं आणणार? सुजय डहाकेंनी सिनेमा छानच केलाय, पोरांचे चेहरे किती खरे आहेत त्यात, पण चेहरा दिसतो, मुकुंदच्या डोक्यातली बडबड कितीशी ऐकू येणार. तर अशा पुस्तकाला आधी पूर्ण आवाज मिळू द्या.

एक अपवाद मात्र मी करते आणि तो माझ्या मते योग्य आहे. सिंहासन. हा सिनेमा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर मिळून आहे, मुंबई दिनांक आणि सिंहासन, पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, साल १९७९. त्यात मंत्री आहेत, पत्रकार आहेत, युनियनवाले आहेत, स्मगलर आहेत, इतकी माणसं की मुंबईचं राजकारण माहीत नसलेला आपल्याकडचा वाचक पन्नासाव्या पानाशी गोंधळतो, हा कोणाच्या गटातला आणि तो कोणाच्या. तिथं निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस आणि अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आधी बघून ठेवलेले बरे पडतात. सिनेमा बघा, मग दोन्ही कादंबऱ्या घ्या, तुम्हाला दिसेल की तेंडुलकरांनी काय काय उचललं आणि किती मोठं शहर मागं ठेवून दिलं.

आता पोरांचं. माझ्या दृष्टीनं आजचा खरा विषय हाच आहे. आपल्या पोरांना देवनागरी येते, त्यामुळे आपल्याला वाटतं मराठी पुस्तक हातात दिलं की वाचतील. नाही वाचत. अक्षरं ओळखतात पण वाक्याची चाल कानात नसते, ळ आला की अडखळतात, च आणि ज सगळीकडं हिंदीसारखेच म्हणतात, आणि दोन पानांत दमतात. घरातलं मराठी म्हणजे जेवायला ये, अभ्यास कर, मोबाईल ठेव, एवढंच उरलंय, त्यात कुणी गोष्ट सांगत नाही. अशा मुलाला साने गुरुजींचं श्यामची आई, १९३५ चं पुस्तक, द्यायचं आणि वाच म्हणायचं, हा त्याच्यावर अन्याय आहे.

त्याला आधी त्याच पुस्तकावरचा श्यामची आई सिनेमा दाखवा, अत्र्यांचा, १९५३ चा. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलेला सिनेमा, आणि त्यातली आई कोण, तर आपल्या ग्वाल्हेरच्या वनमालाबाई! त्याच्या आधी सिकंदरमध्ये सोहराब मोदींच्या बरोबर काम केलेल्या, एवढ्या मोठ्या नटी, शेवटची वर्षं इथंच राहिल्या, २००७ मध्ये इथंच गेल्या. मुलांना हे सांगा ना. ही आई आपल्या गावची आहे हे कळलं की मूल जरा सरसावून बसतं. दोन-अडीच तास स्वच्छ मराठी कानावर पडतं, रागावणं कसं, समजावणं कसं, हे सगळं सूर धरून आत जातं.

वनमालाबाईंचा चेहरा एकदा बसला की मुलाला स्वतःची आई कल्पिता येणार नाही, असं कुणी म्हणेल, आणि गाइडबद्दल मी जे बोलले त्यानुसार ते बरोबरच आहे. तो तोटा होतो. पण जे मूल ते पुस्तक नाहीतर उघडणारच नव्हतं त्याच्या बाबतीत मी तो तोटा आनंदानं सोसायला तयार आहे. शिवाय पुस्तकात त्याच्यासाठी पुष्कळ शिल्लक असतं. साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं, आणि ते रात्रींमध्ये मांडलंय, मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. मूळ पुस्तक म्हणजे मुळात ऐकायचीच गोष्ट आहे! भरजरी गं पीतांबर हे गाणं अत्र्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं, आणि सिनेमात न मावलेल्या कितीतरी रात्री पुस्तकात पडून आहेत, मुलाला त्या सापडल्या की त्याला वाटतं आपल्याला जास्तीचं मिळालं.

फक्त एक अट, सिनेमा झाला की त्याच आठवड्यात पुस्तक सुरू व्हायला हवं, कान गरम आहेत तोवर. एकंदर ४२ रात्री आहेत, मोठ्यानं वाचली तर एक रात्र साधारण पाव तास-वीस मिनिटांत होते, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज एक सहज बसते. पहिल्या आठवड्यात आजी-आजोबांनी वाचायचं, मुलांनी ऐकायचं, मग हळूहळू एकेक परिच्छेद मुलांकडं द्यायचा, अडखळलं तरी मधे टोकायचं नाही. कोणाकोणाच्या घरी करायचंय ते चहाच्या वेळी मला येऊन सांगा, यादी मी करते, आणि ज्यांच्याकडं प्रत नसेल त्यांनी तेही सांगा, म्हणजे वाचनालयातल्या प्रती आधी त्यांना देता येतील.