हिरव्या रस्त्याची कॉपी

(रत्नागिरीत हौशी चित्रकारांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांचा हात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांत तयार झालाय. स्मरणचित्र म्हटलं की माड, होडी, मावळता सूर्य. भाट्याच्या किनाऱ्यावर बसलो तरी समोरचा माड बघतो कोण? हात पाठ केलेला माड काढून मोकळा होतो. म्हणून तैलरंग शिकायला येणाऱ्याला मी समुद्र देत नाही. बर्लिनमधला एक चौक देतो. तिथे आपलं पाठ असलेलं काही नसतं, बघावंच लागतं.

म्हणजे कॉपीला जर्मन चित्रकार अर्न्स्ट लुडविग किर्शनरचं ‘पोट्सडामर प्लाट्झ’ हे चित्र, १९१४ सालचं. मूळ चित्र दोन मीटर उंच, दीड मीटर रुंद. आपण ६० बाय ४५ सेंटिमीटरचा कॅनव्हास घेऊ, प्रमाण तेच राहतं. वाहतुकीच्या गोल बेटावर दोन बायका, मागे लाल विटांचं स्टेशन, आणि रस्ता चक्क हिरवा. “सर, रस्ता हिरवा कसा?” हे हमखास विचारतात. मी म्हणतो, आधी तो मिसळून दाखवा.

सॅप ग्रीन ट्यूबमधून काढून थापलात तर तो आपला श्रावणातला बांध होतो, डोळ्यांना गार. किर्शनरचा हिरवा आंबट आहे, टोचतो. व्हिरिडियन या निळसर हिरव्यामध्ये लेमन यलो घाला, किंचित पांढरा, आणि थांबा. शेजारी स्टेशनचा लाल लागेपर्यंत तो जमला की फसला, काही कळत नाही. लाल लागला की रस्ता अंगावर येतो. मग मागच्या पुरुषांचे पाय बघा: कात्री उघडल्यासारखे. पाय काढू नका, दोन पायांमधला त्रिकोण काढा. ब्रशचे फटकारे पुसून गुळगुळीत करायचा मोह होईल. फॅन ब्रश घरीच ठेवून या.

जलरंगात आपण फिक्याकडून गडदाकडे जातो, कागदाचा पांढरा राखून. इथे गडद आधी, पांढरा शेवटी. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, तेल वरच्या थरांत. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. खालचा तेलकट थर ओला असताना वरचा वाळला, की चित्राला तडे.

किर्शनरची ही वाट आपल्याला अगदी परकी नाही. १९३७ साली नाझींनी किर्शनरची सहाशेहून जास्त कामं जर्मन संग्रहालयांतून उचलली. त्याच नाझींपायी व्हिएन्ना सोडून मुंबईत आलेल्या वॉल्टर लँगहॅमर या चित्रकाराकडे रझा, आरा, हुसेन ही मंडळी जात. बॉम्बे प्रोग्रेसिव्ह या त्यांच्या चित्रकार-गटाचा हा धागा आपल्या कलेच्या वर्गांत फारसा कोणी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

वार्निशचं कोणीतरी विचारलंत. लावू नका. किर्शनर रंगात बेंझीन घालायचा तो चकाकी घालवण्यासाठीच. कॉपीवर वार्निश चढवलंत तर तो टोचणारा हिरवा गेलाच. आपल्याकडे खरी काळजी पावसाळ्याची. बुरशी कॅनव्हासला मागून धरते. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळू द्या. मागे ‘किर्शनरवरून’ असं लिहून मगच खाली सही करा.