चॅड गेला कुठे?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'लांबलेल्या मांगात पहिली पात्रं मागे का पडतात'. त्याकडे येतोच, पण आधी मला चॅडबद्दल बोलू द्या. तो 'ब्लीच' या तिते कुबोंच्या जपानी मांगातला, म्हणजे चित्रकथेतला, नायक इचिगोचा शाळासोबती. 'ब्लीच' इथे बहुतेकांनी वाचलंय असं धरून चालतो.

सुरुवातीचा तो पोपट आठवा. पिंजऱ्यातल्या पोपटात एका लहान मुलाचा आत्मा अडकलाय आणि मागे हॉलो, म्हणजे आत्मे खाणारा राक्षस, लागलाय. चॅडला हॉलो दिसत नाही. तरी तो पिंजरा घेऊन पळत राहतो. शेवटी रुकिया, हॉलोंशी लढणारी शिनिगामी, दिशा सांगते आणि हा पठ्ठ्या विजेचा खांब उपटून न दिसणाऱ्या शत्रूला हाणतो. चित्रातला चेहरा बघा, राग नाही की भीती नाही. नुसता खांब आणि तो. तिते कुबोंनी इतकं नेमकं पात्र पहिल्याच काही चॅप्टरांत उभं केलं होतं.

(जाता जाता, खरं नाव यासुतोरा सादो. आडनावातलं पहिलं चिन्ह इचिगोनं 'चा' असं वाचलं, म्हणून चॅड. त्या चिन्हाचा अर्थही चहाच.)

पुढे काय झालं? सोल सोसायटीत, म्हणजे शिनिगामींच्या जगात, तो आठव्या तुकडीच्या कॅप्टनसमोर, क्योराकूसमोर उभा राहिला आणि पडला. ह्युको मुंडोत, म्हणजे हॉलोंच्या जगात, त्याला डाव्या हाताचीही शक्ती मिळाली, गँटनबाइन नावाच्या शत्रूला त्यानं हरवलं. वाटलं, आता याचे दिवस आले. आणि लगेच पाचव्या क्रमांकाचा एस्पादा (शत्रूच्या सर्वात बलवान योद्ध्यांपैकी एक) नोइत्रा येतो आणि एका घावात याला आडवा करतो. जिंकल्याचा आनंद धड अनुभवू दिला नाही हो! हे मला आजही खटकतं.

असं का होतं? नवा शत्रू किती भारी आहे हे झटकन दाखवायचं, तर एखादा दणकट माणूस एका फटक्यात पाडायचा. इचिगोला सारखं पाडता येत नाही, कथाच अडेल. मग धिप्पाड चॅड. तो मापपट्टी झाला. शिवाय शिनिगामींकडे तयार शिडी असते, आधी तलवारीचं पहिलं रूप शिकाई, मग त्याहून भारी बांकाई. वाचकाला पुढची पायरी ठाऊक असते, तो तिची वाट बघतो. चॅडला शिडीच नाही. त्याची शक्ती फुलब्रिंग (वस्तूंमधला आत्मा वापरण्याची शक्ती) आहे हे कळायला चॅप्टर चारशेच्या पुढे जावं लागलं. तोवर दर वेळी नवा हात शोधणं आलं. त्याची वर्गमैत्रीण ओरिहिमे, तिचंही तेच. तिची शक्ती घाव मिटवते, म्हणजे ती जवळ असली की लढाईतला धोकाच संपतो. मग तिला दूर ठेवणं, पळवून नेणं भाग पडतं.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. तेव्हा मूळ मुद्दा भरभर सांगतो.

दोष क्रमांकांच्या याद्यांचा आहे. शिनिगामींच्या १३ तुकड्या, प्रत्येकीत कॅप्टन आणि उपकॅप्टन, म्हणजे २६ खुर्च्या. मग १० एस्पादा. मग इंग्रजी मुळाक्षरं वाटून घेतलेले स्टर्नरिटर, शेवटच्या टप्प्यातले शत्रू. खुर्ची मांडली की माणूस बसवावा लागतो, आणि बसलेल्याची ताकद बघितल्याशिवाय वाचक सोडत नाही. आता हिशोब करा. साप्ताहिकात आठवड्याला सुमारे १९ पानं. एका लढाईला ओळख, शिकाई, शत्रूचं रूपांतर, एखादी जुनी आठवण, बांकाई, निकाल धरून पाच-सहा चॅप्टर. अशा सहा लढाया लागोपाठ ठेवल्या तर सात-आठ महिने. तेवढा काळ काराकुराची, म्हणजे इचिगोच्या गावची, शाळकरी मंडळी पानावर नाहीत. त्यात वाचकांच्या मतदानात हित्सुगायासारखा कॅप्टन पहिला येतो, म्हणजे पानं कुठे जाणार ते ठरलंच.

उपाय? यादी एकदम जाहीर करू नये. कॅप्टन तीनच दाखवा, बाकीचे लागतील तसे आणा. नव्या माणसाची पहिली लढत जुन्या पात्राबरोबर लावा, आणि जुन्याला निदान एक असं काम द्या जे दुसऱ्या कुणाला जमणारच नाही. पोपटाच्या गोष्टीत ते काम होतं.

शेवटची आर्क, म्हणजे कथेचा टप्पा, चॅप्टर ४८० ते ६८६, दोनशेहून जास्त चॅप्टर, आणि चॅडच्या वाट्याला त्यात सांगण्याजोगी एक लढाई नाही. २०१६ चा शेवटचा चॅप्टर काढून बघा. दहा वर्षांनंतरचा काळ आहे, जुने मित्र जमलेत. चॅडची बॉक्सिंगची मोठी लढत आहे, आणि ते सगळे ती टीव्हीवर बघायला बसलेत.